'मुंबई' या शब्दात माहीम येते काय? : १६६१ च्या तहाचे अर्थनिर्णयन

अनेकार्थी शब्दाचे भाषांतर कसे करावे, हा प्रश्न भाषांतरमीमांसेत बहुधा कोशाच्या अंगाने मांडला जातो. मूळ भाषेतील एका शब्दाला तीन अर्थ आहेत आणि लक्ष्यभाषेत त्या तिहींसाठी तीन निरनिराळे शब्द आहेत. भाषांतरकाराने त्यांपैकी कोणता निवडावा, असे त्या प्रश्नाचे रूप असते. उत्तरही ठरलेले असते : संदर्भ पाहावा. परंतु संदर्भ नेमका कशाला म्हणावयाचे, आणि संदर्भच वादग्रस्त असेल तर काय करावे, याविषयी फारसे बोलले जात नाही.

भारतीय शब्दविचाराने या बाबतीत अधिक काटेकोरपणा दाखविला आहे. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'च्या दुसऱ्या कांडात अनेकार्थी शब्दाचा विशिष्ट अर्थ निश्चित करणाऱ्या घटकांची यादीच दिली आहे. संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रयोजन, प्रकरण, लिंग, अन्य शब्दाचे सान्निध्य, सामर्थ्य, औचित्य, देश, काल, व्यक्ती, स्वर इत्यादी घटक तीत येतात. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त हीच यादी व्यंजनाविचाराच्या संदर्भात स्वीकारली. शंखचक्रासह असलेला 'हरी' म्हटला की सिंह किंवा वानर हे अर्थ गळून पडतात आणि विष्णू उरतो. 'मधू'ने मत्त झालेला कोकिळ म्हटले की मधू म्हणजे वसंत. कारण कोकिळाला मत्त करण्याचे सामर्थ्य वसंतात आहे, मधात नाही. राजधानीत 'परमेश्वर' शोभतो असे म्हटले तर देशाच्या आधारे त्याचा अर्थ राजा असा होतो. या सर्व उदाहरणांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. शब्द संदिग्ध असला तरी त्याचा निर्णय करणारा घटक संदिग्ध नाही. राजधानी कोठे संपते, याबद्दल वक्ता आणि श्रोता यांच्यात मतभेद नाही.

हे गृहीत ढासळले तर काय होते, याचे एक उदाहरण मुंबईच्या इतिहासात आहे. ते काव्याचे नसून तहनाम्याचे आहे; आणि त्याचा निर्णय ज्या भूमीवर झाला ती भूमी माहीमची आहे.

२३ जून १६६१ रोजी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या ब्रागांझाची कॅथरिन यांच्या विवाहाचा तह झाला. पोर्तुगाल १५८० पासून १६४० पर्यंत स्पॅनिश राजसत्तेखाली होते. तेथून सुटल्यानंतरही स्पेनने त्याचे स्वातंत्र्य मान्य केले नव्हते; ते मान्य व्हावयास १६६८ साल उजाडावे लागले. इंग्लंडचे साहाय्य मिळविणे ही पोर्तुगालची निकड होती आणि मुंबई ही त्या साहाय्याच्या किमतीचा एक भाग होती. तहाच्या अकराव्या कलमाने मुंबईचे बंदर आणि बेट, त्यांचे सर्व हक्क, नफा, प्रदेश आणि 'अपर्टनन्सिस' यांसह, तसेच त्यांवरील प्रत्यक्ष, पूर्ण व निरपवाद 'डोमिनियन' आणि सार्वभौमत्व यांसह, इंग्लंडच्या राजाला देण्यात आले. या कलमातील तीन शब्द पुढील अनेक वर्षांच्या वादाचे मूळ ठरले : बेट, अपर्टनन्स आणि डोमिनियन. तिन्ही शब्द दोन्ही पक्षांच्या भाषांत आपापल्या रूपांत नांदत होते. अडचण शब्द सापडत नसल्याची नव्हती. शब्द फार सहज सापडत होते, हीच अडचण होती.

पहिला शब्द 'बेट'. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातील व्याख्येप्रमाणे सर्व बाजूंनी पाण्याने वेढलेली भूमी म्हणजे बेट. परंतु सतराव्या शतकातील मुंबई परिसराला ही व्याख्या लावू लागताच ती डळमळते. मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम हे उंचवटे खाड्यांनी आणि खाजणांनी एकमेकांपासून वेगळे झालेले होते. भरतीच्या वेळी पाणी आत शिरे. ओहोटीला चिखल आणि खाजण उघडे पडत आणि माणसाला एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर पायी जाता येई. म्हणजे एकच भूभाग दिवसातून दोनदा अनेक बेटे होई आणि दोनदा एक बेट होई. 'मुंबईचे बेट' या शब्दाने त्यातील कोणती अवस्था सांगितली, हे शब्दाकडे पाहून कळण्यासारखे नव्हते.

पोर्तुगीज दप्तराची सवय मात्र निश्चित होती. १५५४ मध्ये सिमांव बोतेल्यू याने तयार केलेल्या महसुली नोंदवहीत माहीम आणि मुंबई यांची नोंद वेगवेगळी आहे. माहीमला स्वतंत्र कसबा होता आणि जकातीचे नाकेही होते. या नाक्याला पोर्तुगीज 'मांदोव्हीं' म्हणत. तो मराठी 'मांडवी'चाच अवतार होय. वैद्य गार्सिया द ओर्ता याने पट्ट्याने घेतलेले 'मुंबईचे बेट' माहीमहून वेगळे होते. पोर्तुगीज कारकुनाच्या लेखी बेट म्हणजे महसुलाचे एक खाते होते. इंग्रज दर्यावर्द्याच्या लेखी ते नकाशावरील एक आकृती होते.

येथे स्पॅनिशचा दाखला उद्‌बोधक ठरेल. इंग्रजी 'आयलंड' या शब्दासाठी स्पॅनिशमध्ये दोन शब्द उभे राहतात : रोजच्या व्यवहारातील 'इस्ला' आणि लॅटिन वळणाचा, वीरकथांच्या वासाचा 'इन्सुला'. सेर्व्हांतेसच्या 'दोन किहोते'च्या १६१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या भागात सांचो पांसाला राज्य करावयास मिळते ती 'इन्सुला' प्रत्यक्षात एका ड्यूकच्या जहागिरीतील जमिनीवरचे गाव असते. तिच्याभोवती पाणी नाही. इन्सुला म्हणजे काय हे सांचोला कळत नाही, आणि ते कळत नाही म्हणूनच त्याला ती देता येते. इंग्रजी अनुवादात 'इन्सुला'चे 'आयलंड' केले की हा विनोद अर्धा विरतो. कारण इंग्रजी वाचक पाणी शोधू लागतो, तर स्पॅनिश वाचकाला त्या शब्दातच वीरकथेतील भूदानाची भपकेदार संदिग्धता ऐकू येते. मराठीतही 'बेट' आणि 'द्वीप' हे शब्द परस्परांची जागा सर्वत्र घेत नाहीत. शिवाय बांबूचे बेट असते, बांबूचे द्वीप नसते. कोणत्याही भाषेतील 'बेट' हा शब्द पाण्याविषयी जेवढे सांगतो तेवढेच वेगळेपणाविषयीही सांगतो, आणि हे वेगळेपण कशाने मोजावयाचे हे तो सांगत नाही.

दुसरा शब्द 'अपर्टनन्स'. इंग्रजी कायद्यात मुख्य मालमत्तेला चिकटून येणारा गौण हक्क वा गौण मालमत्ता असा त्याचा अर्थ होतो. उदाहरणार्थ घराबरोबर येणारी वाट किंवा गोठा. सामान्य व्यवहारात तो कोणत्याही उपांगाला लावता येतो. पोर्तुगीज 'पर्तेन्सा' आणि स्पॅनिश 'पर्तेनेन्सिया' हे त्याचे सगोत्र शब्द. या सर्वांच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'तेथवर पोहोचणे, पसरणे' असाही आहे आणि 'त्याच्या मालकीचे असणे' असाही आहे. आज स्पॅनिशमध्ये 'पर्तेनेन्सिया' म्हटले तर मालकीची वस्तू आणि एखाद्या समूहात आपण आहोत ही जाणीव, असे दोन्ही अर्थ संभवतात. इंग्रजी 'अपर्टनन्स' स्पॅनिशमध्ये नेणाऱ्यापुढे 'पर्तेनेन्सिया', 'आक्सेसोरियो', 'आनेखो', 'देपेन्देन्सिया' असे पर्याय असतात आणि प्रत्येक पर्याय मूळ शब्दाची एकेक बाजू कापून टाकतो. माहीमच्या वादात नेमक्या याच दोन अर्थांची झुंज झाली. इंग्रजांचे वाचन 'पोहोचण्या'चे होते : ओहोटीला ज्या भूमीपर्यंत पायी जाता येते ती मुंबईचीच. पोर्तुगीजांचे वाचन 'मालकी'चे होते : ज्या भूमीचा वसूल मुंबईच्या खात्यात येत नाही ती मुंबईची नव्हे.

मराठी आणि संस्कृत दानपत्रांची परंपरा या ठिकाणी आठवते. गाव इनाम देताना त्याच्या चतुःसीमा सांगावयाच्या, आणि त्या सीमांच्या आत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांपैकी काय काय दिले ते मोजून दाखवावयाचे, हा तिचा शिरस्ता. या पद्धतीत 'सर्व अनुषंगांसह' असे म्हणून भागत नाही, कारण अनुषंगांची गणतीच करून दिलेली असते. सीमा लिहूनही तंटे होत, हे खरे. पण निदान तंटा कोठे उभा राहून करावयाचा हे ठरलेले असे. लंडनच्या तहात चतुःसीमा नव्हती. वाटाघाटीत एक नकाशा दाखविला गेला होता आणि त्यात मुंबईबरोबर साष्टी व ठाणेही अंतर्भूत होते, असे इंग्रजांचे म्हणणे होते. पोर्तुगीजांना ते मान्य नव्हते.

सप्टेंबर १६६२ मध्ये सर अब्राहम शिपमन मुंबईचा ताबा घेण्यासाठी आला तेव्हा हा शब्दांचा प्रश्न प्रत्यक्ष जमिनीवर उतरला. व्हाइसरॉय अंतोनियो द मेलो इ कास्त्रो याने अधिकारपत्रांतील उणिवा दाखवून ताबा नाकारला. शिपमन आणि त्याचे सुमारे चारशे सैनिक अंजदीव बेटावर जाऊन राहिले. तेथे रोगराईने त्यांतील बहुसंख्य दगावले. एप्रिल १६६४ मध्ये शिपमनही वारला. त्याचा चिटणीस हम्फ्री कुक याने १४ जानेवारी १६६५ रोजी व्हाइसरॉयशी करार केला आणि १८ फेब्रुवारी १६६५ रोजी मुंबईतील दोना इग्नेझ द मिरांडा हिच्या वाड्यात माती आणि दगड हातात घेऊन ताबा स्वीकारला. ताब्याच्या दस्तऐवजात मुंबई बेटाच्या प्रदेशात माझगाव, परळ आणि वरळी ही गावे येतात असे नमूद झाले. माहीमचे नाव त्यात नव्हते. अकराव्या कलमाला प्रथमच एक प्रकारची चतुःसीमा मिळाली होती, आणि ती पोर्तुगीज वाचनाप्रमाणे होती.

थोड्याच काळात कुकने माहीम ताब्यात घेतले आणि पाठोपाठ शीव, धारावी, वडाळा ही ठिकाणेही इंग्रजांकडे गेली. पोर्तुगीजांनी तक्रारी केल्या. त्यांचा परिणाम झाला नाही. कुकने केलेला करार इंग्लंडच्या राजाने मान्य केला नाही, कारण त्यात फार सोडून दिले असे लंडनला वाटत होते. कुक पायउतार झाला. त्याने घेतलेले माहीम मात्र इंग्रजांकडेच राहिले. २७ मार्च १६६८ च्या सनदेने राजाने मुंबई वार्षिक दहा पौंडांच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली, तेव्हा 'मुंबई' या शब्दात माहीम येते, हे कोणी सिद्ध केलेले नव्हते. पण ते आता सिद्ध करण्याचीही गरज उरली नव्हती.

या प्रसंगाकडे केवळ इंग्रजांची लबाडी म्हणून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावयास हवा, कारण पोर्तुगीजांचा काटेकोरपणाही निर्मळ नव्हता. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाने पोर्तुगीजांना दिली ती वसई, तिचा मुलूख, बेटे आणि समुद्र यांसह. मुंबई आणि माहीम पोर्तुगीजांच्या हाती आली ती वसईची अनुषंगे म्हणून. म्हणजे व्यापक वाचनाने मिळविलेली भूमी १३० वर्षांनी संकुचित वाचनाने राखून ठेवण्याचा हा प्रयत्न होता. तीच शब्दकळा घेणारा एका रीतीने वाचतो आणि देणारा दुसऱ्या रीतीने. त्याहीपूर्वी, गुजरातच्या सुलतानांच्या अमदानीत या बेटांवरील प्रमुख ठाणे माहीम हेच होते. १४३१ मध्ये निवर्तलेले कुराणाचे भाष्यकार मखदूम अली यांनी 'माहिमी' हेच उपपद मिरविले. त्या काळात एखादा तह झाला असता तर प्रश्न उलटा विचारावा लागला असता : 'माहीम' या शब्दात मुंबई येते काय?

तिसरा शब्द 'डोमिनियन'. पहिले दोन शब्द दोन दरबारांतील वादाचे होते; या शब्दाची झळ रहिवाशांना लागली. रोमन कायद्याच्या युरोपीय परंपरेत एकाच जमिनीवर दोन प्रकारचे स्वामित्व मानले जाई : वरिष्ठाचे 'प्रत्यक्ष' स्वामित्व आणि जमीन वहिवाटणाऱ्याचे उपभोगाचे स्वामित्व. पोर्तुगीज अमलात जमीनधारक ठरावीक धारा देऊन दुसऱ्या प्रकारचे स्वामी होते. तहाने राजाला 'प्रत्यक्ष' आणि 'पूर्ण' असे दोन्ही विशेषणांनी युक्त स्वामित्व दिले. मग राजाकडे राज्य आले, की जमिनीही आल्या? इंग्रजी 'डोमिनियन' या एका शब्दात सत्ता आणि मालकी दोन्ही मावतात. मराठीत याच शब्दाचे भाषांतर करणाऱ्याला प्रथमच थांबून विचार करावा लागला असता. कारण 'राज्य' आणि 'मिरास' या आपल्याकडे दोन निराळ्या गोष्टी आहेत. राज्य बदलले म्हणून मिरास बुडत नाही, ही येथील जमीनधारकाची धारणा त्याच्या भाषेतच रुजलेली होती.

हा प्रश्न गव्हर्नर जेरल्ड ऑन्जियर याने शब्दार्थाच्या वाटेने सोडविला नाही. १६७२ मध्ये योजलेल्या आणि १६७४ मध्ये पक्क्या झालेल्या करारान्वये रहिवाशांनी दरसाल २०,००० शेराफिन द्यावयाचे आणि कंपनीने जमिनींवरील दावा सोडावयाचा, असे ठरले. 'डोमिनियन' म्हणजे काय, हे न ठरविताच त्याची किंमत ठरली. त्यातून जन्मलेल्या धारापद्धतीला मुंबईच्या जमीनदप्तरात 'पेन्शन आणि टॅक्स' असे नाव पडले. या दप्तरातील 'पेन्शन' सरकारकडून मिळत नाही. सरकारला भरावी लागते. निवृत्तिवेतन या अर्थाने तोच शब्द आज मराठीच्या तोंडी रुळला आहे. एकाच शहरात, एकाच शब्दाच्या पैशाची दिशा अशी उलट झाली.

आता मूळ प्रश्नाकडे येता येईल. आपल्या साहित्यशास्त्राने अनेकार्थत्वाची दोन रूपे ओळखली आहेत. दोन्ही अर्थ कवीला अभिप्रेत असतील तर तो श्लेष, म्हणजे अलंकार. कोणता अर्थ अभिप्रेत हे कळत नसेल तर 'संदिग्ध', म्हणजे दोष. विल्यम एम्पसनने १९३० मध्ये संदिग्धतेचे सात प्रकार सांगून या दोषाला गुणाच्या पंक्तीत बसविले, तरी त्याचाही विचार एकाच कवीने घडविलेल्या संहितेपुरता आहे. १६६१ चा तह या दोहोंत बसत नाही. तो श्लेष नव्हे, कारण दोन्ही अर्थ कोणाही एका पक्षाला हवे नव्हते. तो निव्वळ दोषही नव्हे, कारण शब्द सैल होते म्हणूनच त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या होऊ शकल्या. चतुःसीमा लिहावयाचा आग्रह धरला असता तर कदाचित तहच अडला असता. या तिसऱ्या प्रकाराला 'संमतीची संदिग्धता' म्हणता येईल. तिच्यात शब्दाचे अनेकार्थत्व हे संवादातील विघ्न नसते. संवाद शक्य करणारी अट असते, आणि तिची किंमत मागाहून तिसऱ्याच कोणाला मोजावी लागते. अंजदीववर मेलेल्या सैनिकांनी आणि २०,००० शेराफिन भरणाऱ्या रहिवाशांनी ती मोजली.

यावर असा आक्षेप घेता येईल की, माहीमचा निर्णय शस्त्राने झाला. शब्द हे केवळ निमित्त होते. आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो अपुरा आहे. निव्वळ शस्त्राचाच प्रश्न असता तर साष्टीही त्याच वेळी घेता आली असती, निदान तसा प्रयत्न झाला असता. लंडनचा दावा तर साष्टीचा आणि ठाण्याचाही होता. कुक थांबला तो माहीमच्या खाडीवर. कारण शब्दाची ओढाताण तेथपर्यंतच शक्य होती. ओहोटीला पायी जाता येण्याचा आधार माहीमला लागू होता, खाडीपलीकडच्या वांद्र्याला नव्हता. साष्टी १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिली. त्या वर्षी वसईच्या मोहिमेत ती मराठ्यांकडे आली आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी जिंकून घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. तोवर अकराव्या कलमाचा आधार कोणाला लागला नाही. शस्त्र आणि शब्द यांची क्षेत्रे वेगळी असतात, पण त्यांच्या सीमा एकमेकींना पाहून आखल्या जातात.

भर्तृहरीच्या यादीतील 'देश' आणि 'सामर्थ्य' या दोन घटकांकडे या प्रकाशात पुन्हा पाहावयास हवे. देशाने अर्थ ठरतो, हे खरे. पण माहीमच्या बाबतीत देश हाच वादाचा विषय होता, आणि तो भरती-ओहोटीबरोबर आपले रूप बदलत होता. सामर्थ्याने अर्थ ठरतो, हेही खरे. पण शास्त्राला अभिप्रेत असलेले सामर्थ्य हे पदार्थाची योग्यता होय. इतिहासात निर्णायक ठरले ते वाचणाऱ्याचे सामर्थ्य. यावरून यादी चुकीची ठरत नाही. ती समान भूमीवर उभ्या असलेल्या वक्त्या-श्रोत्यांसाठी आहे, एवढेच दिसते. भाषांतर सुरू होते तेथे ही समान भूमी संपलेली असते. म्हणून भाषांतरकार जेव्हा अनेकार्थी शब्दातील एक अर्थ निवडतो, तेव्हा तो संदर्भ केवळ वाचत नाही, काही अंशी घडवतोही. त्याची निवड पुढे रूढ झाली की तोच 'मूळचा' अर्थ होता असे वाटू लागते.

मुंबईच्या बाबतीत हे शब्दशः घडले. शीवचा बांध १८०३ मध्ये आणि माहीम-वांद्रे मार्ग १८४५ मध्ये पुरा झाला. खाजणे भरत गेली आणि इंग्रजांच्या वाचनाला अनुकूल अशी भूमी मागाहून तयार झाली. आता ओहोटीची वाट पाहावी लागत नाही. तरीही जुनी रेघ पुसलेली नाही. १९९० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा शहर आणि उपनगर यांमधील सीमा पश्चिमेकडे माहीमच्या खाडीवरच आली.

मराठी अभ्यासकांना हा प्रश्न परका नाही. राजवाड्यांनी १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केलेल्या 'महिकावतीची बखर' या ग्रंथातील महिकावती म्हणजे केळवे-माहीम की मुंबईचे माहीम, याचा निर्णय प्रत्येक वाचकाला करावा लागतो, आणि त्यावर बिंब राजांच्या राज्याचा सारा भूगोल अवलंबून असतो. साष्टी एक गोव्यात आहे आणि एक मुंबईच्या उत्तरेस. अशा नावांपुढे आपण सहसा तळटीप देऊन पुढे जातो. १६६१ च्या तहाचा अनुभव असा की, अर्थाचा खरा व्यवहार बहुधा त्या तळटिपेच्याच जागी झालेला असतो. आणि ती टीप कोणी लिहिली, केव्हा लिहिली व तिचा लाभ कोणाला झाला, हे विचारणे हा संहितावाचनाचाच भाग आहे.